आधी पाणी, मग पाया, शेवटी रंग

काळ्या मातीवर घर असलेल्यांना भिंतीतली भेग ऋतूनुसार ओळखू येते. एप्रिल-मेमध्ये ती उघडते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी खाली जोत्याकडे उतरते. मृगाचा पाऊस मुरला की हळूहळू मिटते, आणि नेमका तेव्हाच दरवाजा चौकटीत अडकायला लागतो. दिवाळीच्या तोंडावर घरमालक पुट्टी भरून रंग देतो. होळीपर्यंत रंगाखालून तीच रेघ वर आलेली असते. परभणी, हिंगोली, अकोला, यवतमाळ, सोलापूर, कुठेही जा, हेच चित्र. या घरांवर लोक पैसा कमी घालतात असं मला कधी दिसलं नाही. तो उलट्या क्रमाने घालतात, हे मात्र दर वेळी दिसतं.

आपल्याकडे गावं पांढरीत वसायची आणि काळी पिकासाठी राखली जायची. गेल्या काही दशकांत शहरांच्या कडेची शेतं एन.ए. म्हणजे बिगरशेती होऊन त्यांचे प्लॉट पडले आणि आपण कापसाच्या रानात घरं बांधली. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते आपल्या थरांमध्ये पाणी धरून फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. ही उघडझाप वरच्या साधारण साडेतीन मीटरच्या थरात चालते. आपले बहुतेक पाये तीन-चार फुटांवर थांबलेले, म्हणजे ऐन हलत्या थरात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. जमिनीत खोल जाणारा खांब आणि तळाशी त्याच्या जाडीच्या अडीचपट रुंद फुगा, अशी त्यांची रचना. नवं घर बांधणाऱ्याने तोच मार्ग धरावा. पण ज्यांचं घर उभं आहे, कर्ज फिटत आलंय आणि भेग वाढतेय, त्यांच्या खिशाचा विचार मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

परभणीला माझ्या ताईचं घर असंच आहे. भाचीचं लग्न ठरलं तसं दाजींनी एका ठेकेदाराकडून कोटेशन घेतलं. त्यात ‘पाया मजबुतीकरण, गिलावा व रंगकाम’ अशी एकच ओळ आणि समोर एक मोठा आकडा. दाजी म्हणाले, “लग्नाच्या आधी सगळं होऊन जाऊ द्या, एकदाच काय तो खर्च.” मी म्हणालो, “दाजी, या एका ओळीवर सही करू नका. पाया किती खोल आहे हे अजून कुणी खणून पाहिलेलं नाही, मग त्याचं मजबुतीकरण किती रुपयांना होतं हे ठरवलं कुणी?”

आम्ही घराभोवती फिरलो. भेग होती त्याच कोपऱ्याबाहेर न्हाणीच्या सांडपाण्याचा पाइप सांध्यात गळत होता. गच्चीवरचं पाणी पन्हाळीतून थेट भिंतीच्या पायथ्याशी पडत होतं. म्हणजे एक कोपरा बारमाही ओला, आणि दहा फुटांवर कडुनिंबाच्या मुळांनी शोषून कोरडा केलेला दुसरा. सगळी जमीन सारखी फुगली असती तर घर एकसंध वर-खाली झालं असतं. एका बाजूला फुगली आणि दुसरीकडे आक्रसली, म्हणून भिंत फाटत होती. काळ्या मातीवरच्या घरांची अर्धी दुखणी या असमान ओलीतून येतात, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून अंदाजपत्रकात पहिला पैसा तपासणीचा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी लोकांना जड वाटते, कारण त्या बदल्यात दिसतो फक्त कागद. पण हा इंजिनिअर कोपऱ्यात खड्डा घेऊन पाया उघडा करतो, खाली मुरूम लागतो का ते बघतो, मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. तिथली एक चाचणी मला फार आवडते. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती काचेच्या दोन मापनळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हींतली मातीची उंची ताडून बघायची. पाण्यातली माती निम्म्याहून जास्त वर चढली असेल तर ती त्रास देणारी, असं इंजिनिअर समजतात. ज्यावर आपण झोपतो ती जमीन काय करते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला पुट्टीवर पैसे घालवावेसे वाटत नाहीत.

दुसरा पैसा पाण्याचा, आणि इथे हात आखडू नये. गळका पाइप बदलायचा, पन्हाळीचं पाणी पाइपने लांब गटारात न्यायचं, घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन प्लिंथ प्रोटेक्शन करायचं. हिशेब कुणालाही जमेल असा आहे. घर 30 बाय 40 फुटांचं धरा. परिमिती 140 फूट. तीन फूट रुंद पट्टा केला तर चार कोपऱ्यांसह 456 चौरस फूट. काळी माती एक फूट खोल काढून मुरूम भरायचा तर 456 घनफूट, म्हणजे 100 घनफुटांच्या ब्रासच्या आपल्या मापात साडेचार ब्रासच्या थोडा वर. दाबल्यावर मुरूम बसतो, तेव्हा सव्वापट मागवावा. वर चार इंच काँक्रीट म्हणजे 152 घनफूट, दीड ब्रास. हे आकडे हातात घेऊन तुमच्या गावच्या मुरमाचा आणि काँक्रीटचा भाव विचारा. ठेकेदाराशी बोलताना आवाजच बदलतो. हे काम पावसाळ्याआधी संपायला हवं. झाडाच्या बाबतीत मात्र उतावीळपणा नको. मोठं झाड एकदम तोडलं की त्याने कोरडी ठेवलेली माती पाणी पिऊन फुगते आणि भिंत उलट्या दिशेने तडकते. फांद्या विरळ कराव्यात, मुळांबद्दल इंजिनिअरला विचारावं.

तिसऱ्या टप्प्यात फारसा खर्च नाही, धीर लागतो. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहायची. भिंत हलली तर काच फुटते. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवून त्यांच्यातलं अंतर मोजायचं. ताई ते दर पौर्णिमेला मोजते आणि किराणाच्या वहीत मागच्या पानावर लिहिते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा असं पूर्ण चक्र बघितल्याशिवाय पायाला हात लावू नये. भेग झपाट्याने रुंदावत असेल, भिंत बाहेर झुकली असेल किंवा कॉलम-बीमला तडे असतील तर थांबणं धोक्याचं. तिथे त्याच आठवड्यात टेकू लावून इंजिनिअर बोलवायचा.

पाण्याचा बंदोबस्त होऊनही भेग चालूच राहिली, तर अंडरपिनिंग, म्हणजे जुन्या पायाला खालून आधार. हा मोठा खर्च, म्हणून तो कसा होतो हे मालकाला माहीत हवं. भिंतीखाली सलग चर कधीच खणायचा नाही. तीन-चार फूट लांबीचे खड्डे घ्यायचे, लागोपाठचे दोन एकाच वेळी उघडायचे नाहीत. जुन्या पायाखाली घट्ट थर लागेपर्यंत उतरायचं आणि काँक्रीट भरायचं, पण वर दोन-तीन इंच फट ठेवून. ते काँक्रीट आवळलं की मगच त्या फटीत जवळजवळ कोरडा मसाला ठोकून ठोकून भरायचा. घाईतला गवंडी एकदमच वरपर्यंत भरतो, काँक्रीट आवळतं, पाया पुन्हा अधांतरी राहतो आणि पैसे जमिनीत जातात. कोटेशनमध्ये खड्ड्यांची संख्या, खोली, काँक्रीटचा दर्जा आणि दर खड्ड्याचा वेगळा भाव लिहून घ्या. खाली काय लागेल ते खणल्यावरच कळतं, म्हणून या कामाच्या किमतीचा चौथा हिस्सा तरी बाजूला हवा. काम चालू असताना खोली रिकामी करावी लागली तर त्या भाड्याची ओळही अंदाजपत्रकात असावी.

पैसे आणायचे कुठून? विम्यावर विसंबू नका. 1 एप्रिल 2021पासून विमा कंपन्या देत असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत जमीन खचण्याचा समावेश आहे. पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं-तडकणं, भरावाच्या जमिनीची हालचाल आणि सदोष बांधकाम वगळलेलं आहे. बिल्डरकडून रेरा नोंदणीच्या प्रकल्पात रो-हाऊस घेतलं असेल तर ताबा मिळाल्याची तारीख शोधा. रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार पाच वर्षांच्या आत निघालेला रचनेतला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, तोही 30 दिवसांत. तक्रार लेखी करा, भेगांचे तारखेसह फोटो जोडा. बँकेचं दुरुस्तीकर्ज मिळतं. जुन्या कररचनेत राहत्या घराच्या दुरुस्तीकर्जावरच्या व्याजाला वर्षाला 30,000 रुपयांपर्यंतच वजावट मिळत आली आहे, हे आधीच माहीत असू द्या. नोंदणीकृत ठेकेदाराच्या बिलावर 18 टक्के जीएसटी येतो, तो कोटेशनमध्ये धरलाय की वर लागणार, हे विचारा. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025पासून 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा त्याआधीचं कोटेशन तसंच पुढे रेटू देऊ नका.

दाजींनी शेवटी कामाचे दोन भाग पाडले. लग्नाआधी पाइप, पन्हाळ आणि प्लिंथ प्रोटेक्शन, शिवाय बैठकीला साधा रंग. मागच्या खोलीची भिंत भेगेसकट तशीच ठेवली आहे, आणि रंगाचे उरलेले पैसे ताईने बँकेत मुदतठेवीत टाकलेत. ठेवीची मुदत तिने पुढच्या जूनपर्यंतची घेतली आहे, कारण तोवर वहीतलं पान भरेल आणि खड्डे घ्यायचे की नुसता गिलावा पुरेल, हे इंजिनिअरला सांगता येईल.