ताई, हे माझं लिही

जून उजाडला की बालवाडीच्या दाराशी पालकांचा ठरलेला प्रश्न येतो : "ताई, लिहायला कधी घेणार?" दिवाळीपर्यंत वही भरली नाही तर ताईलाच धास्ती वाटू लागते. मग चार वर्षांच्या बोटांत पेन्सिल आणि समोर पानभर 'क'. गेल्या वर्षी एका बालवाडीत असं पान भरलेल्या मुलाशेजारी मी बसले होते. प्रत्येक 'क' त्यानं मन लावून गिरवला होता. "काय लिहिलंस रे?" असं विचारलं. वहीकडे बघत तो म्हणाला, "अभ्यास."

आपण बोलतो तेच कागदावर उतरतं, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. म्हणून या अंकात आमचा आग्रह एकच आहे : बालवाडीत लिहिण्याची सुरुवात ताईच्या हातानं होऊ द्या.

मुलानं चित्र काढलं की त्याच्याजवळ बसा. काय काढलं ते विचारा आणि तो सांगेल ते त्याच्या डोळ्यांदेखत, ठळक अक्षरांत चित्राखाली लिहा. मग शब्दाखालून बोट फिरवत वाचून दाखवा. "आजी शेळीला पाला घालती" असं तो म्हणाला, तर तसंच लिहा. 'घालते' करू नका. आपलं वाक्य त्याला पाठ असतं आणि त्याच आधारावर तो कागदावरचे शब्द ओळखू पाहतो. आपण शब्द बदलला की तो आधार सुटतो. शिवाय घरची बोली कागदावर चालत नाही, असा समज मनात बसतो तो वेगळाच. प्रमाण मराठी त्याला गोष्टींच्या पुस्तकांतून भेटणारच आहे. ती पुस्तकं मात्र रोज वाचून दाखवायला हवीत.

ही कल्पना नवी नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्विया ॲश्टन-वॉर्नर मुलांनी स्वतः मागितलेले शब्दच त्यांना कार्डावर लिहून देत. त्यांचं 'टीचर' हे पुस्तक १९६३चं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांत बालवाडी घेऊन गेल्या, तेव्हा मुलांच्या भोवतालच्या बिया, पानं, दगड हेच त्यांचं साहित्य झालं. मुलाचं बोलणं हेही तसंच हाताशी असलेलं साहित्य आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता अक्षरांच्या क्रमाविषयी. वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. भाषेच्या अभ्यासकाला ती मांडणी फार देखणी वाटते, पण चार वर्षांच्या मुलाच्या ती कामाची नाही. 'क कमळातला' म्हणताना शब्दाचा पहिला आवाज ऐकायची सवय आपण लावतो आणि 'ण बाणातला', 'ळ बाळातला' इथं येऊन अडतो, कारण या अक्षरांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत. चमच्यातला 'च' आणि चिमणीतला 'च' तर कानाला वेगळेच लागतात; ताईनं ते मोकळेपणानं सांगावं. क, म, न, ल आणि काना एवढीच चिन्हं आधी घेतली, तरी कान, नाक, मान, काका, मामा, काम, लाल असे शब्द पहिल्या काही आठवड्यांत मूल स्वतः जुळवू लागतं. बाराखडीची वाट बघत कान्याला थांबवू नका. पहिल्या वेलांटीला मात्र निवांत वेळ द्या : आवाज नंतर येतो आणि खूण आधी दिसते, यात मुलं हमखास गोंधळतात.

हातासाठी शेंगा सोलणं, मणी ओवणं, कणीक मळणं, ओल्या मातीत बोटानं रेघा ओढणं हवं. आपल्या जुन्या धूळपाटीत चुकलेलं अक्षर हात फिरवला की पुसलं जायचं. ती पुन्हा वर्गात यावी असं फार वाटतं.

पालकांना सांगायला २०२०च्या शिक्षण धोरणाचा आधार आहे. त्यानं ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे दुसरीच्या अखेरपर्यंत अवधी आहे. रिकामी वही दाखवताना ताईला अवघडल्यासारखं होतं, हे आम्ही जाणतो. म्हणून मुलाच्या वाक्यांच्या चिठ्ठ्या एका दोऱ्यात ओवून ठेवा आणि पालकसभेत त्या मुलाकडूनच वाचून घ्या.

यंदा जूनपासून तुमच्या वर्गात लिहिलेली अशी वाक्यं आम्हाला पाठवा, मुलं जशी बोलली तशीच. पुढच्या अंकापासून त्यांच्यासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत.