पाटी बदलली, चाके तीच!

नागपूरच्या मोतीबाग येथील रेल्वे संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. २००२ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात छोट्या रेल्वेची जुनी इंजिने आणि डबे जपून ठेवले आहेत. नागपूर-छिंदवाडा मार्गावर २०१५ पर्यंत अशीच छोटी गाडी धावत असे. तिच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मोठ्या गाडीच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. त्यामुळे छोट्या गाडीने आलेला माल पुढे मोठ्या गाडीने न्यायचा, तर एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. आता समजा, हा खटाटोप वाचवण्यासाठी एखाद्याने छोट्या डब्यावर 'मोठी लाइन' अशी पाटी रंगवली, तर तो डबा मोठ्या रुळांवर धावेल काय? तुम्ही हसाल. पण नेमका असाच प्रकार आज घरोघरी चालतो, आणि तो करणारी मंडळी चांगली शिकलेली असतात.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावरून भरला. अर्जासोबतचे छायाचित्र 'जेपीजी' स्वरूपातच हवे होते. तिच्या वडिलांच्या फोनमधून निघालेल्या छायाचित्राच्या नावाला 'एचईआयसी' असे शेपूट होते. मैत्रिणीने युक्ती सांगितली, "अगं, नाव बदल. ते शेपूट काढ आणि जेपीजी लाव." तिने तसे केले. अर्ज स्वीकारला गेला. पंधरा दिवसांनी तो परत आला. शेरा होता, 'छायाचित्र उघडत नाही.' दुरुस्तीसाठी दोन दिवस शिल्लक होते म्हणून निभावले. ते नसते, तर वर्षभराची शिष्यवृत्ती एका शेपटापायी गेली असती. यात चूक कोणाची? उत्तर देण्यापूर्वी चित्राच्या फाइलमध्ये असते तरी काय, ते पाहू.

संगणकाला चित्र समजत नाही, त्याला फक्त आकडे समजतात. फोनने काढलेल्या छायाचित्रात आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके असतील, तर एकूण ठिपके झाले एक कोटी वीस लाख. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ च्या दरम्यान. म्हणजे एका चित्रासाठी तीन कोटी साठ लाख आकडे, अर्थात सुमारे ३६ मेगाबाइट जागा! अशी शंभर चित्रे ठेवायची म्हटली तरी फोनची बरीच जागा अडेल. म्हणून हे आकडे आटोपशीर करून लिहिण्याच्या युक्त्या निघाल्या. अशा प्रत्येक युक्तीच्या नियमांचा जो संच, त्यालाच आपण फाइलचे स्वरूप म्हणतो.

जेपीजीच्या मुळाशी असलेली युक्ती एका भारतीयाच्या डोक्यातून निघाली, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? बंगळूर येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' ही गणिती रीत प्रसिद्ध केली. एखाद्या स्वरात अनेक कंपने मिसळलेली असतात आणि ती वेगळी करता येतात, हे तुम्ही भौतिकशास्त्रात वाचले असेल. तसेच येथे चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील संथ आणि जलद बदल वेगळे केले जातात. आपल्या डोळ्याला अगदी बारीक, जलद बदल फारसे जाणवत नाहीत. ते ढोबळमानाने लिहिले किंवा गाळले, तरी चित्र जवळजवळ तसेच दिसते, आणि जागा मात्र पुष्कळ वाचते. या रीतीवर आधारलेले जेपीईजी मानक १९९२ मध्ये ठरले.

पुढे गणित सुधारले. २०१५ मध्ये 'एचईआयएफ' हे नवे मानक तयार झाले आणि २०१७ पासून आयफोनमध्ये त्याचा वापर सुरू झाला. एचईआयसी हे त्याचेच एक रूप. यात चौकोन लहानमोठे करता येतात आणि शेजारच्या ठिपक्यांवरून पुढचा भाग कसा असेल याचा अंदाजही बांधला जातो. त्यामुळे तेच चित्र जेपीजीच्या सुमारे निम्म्या जागेत मावते. सुधारणा खरोखरच चांगली आहे. परंतु एका नियमाने लिहिलेले आकडे दुसऱ्या नियमाने वाचले, तर हाती काहीच लागत नाही.

मग नाव बदलल्याने काय होते? काहीही नाही! फाइलच्या आरंभीच तिची खरी ओळख लिहिलेली असते. जेपीजी फाइलचे पहिले दोन आकडे २५५ आणि २१६ असतात. पीएनजी फाइलचा पहिला आकडा १३७, आणि पुढचे ८०, ७८, ७१ हे तर चक्क पी, एन, जी या अक्षरांचेच क्रमांक आहेत. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. पीएनजी चित्राची एक प्रत घ्यावी, ती नोटपॅडमध्ये उघडावी आणि काहीही न बदलता बंद करावी. अगम्य चिन्हांच्या गर्दीत सुरुवातीलाच ती तीन अक्षरे दिसतील. मग प्रतीचे नाव बदलून जेपीजी करावे आणि पुन्हा उघडावे. अक्षरे तीच! पाटी बदलली, चाके तीच राहिली.

आता चुकीच्या प्रश्नाकडे वळू. माझ्या विद्यार्थिनीला हे ठाऊक नव्हते, हे खरे. पण अर्ज घेणाऱ्या यंत्रणेनेही फक्त पाटीच वाचली. फाइलचे पहिले दोन आकडे तपासणे संगणकाला क्षणाचे काम आहे. ते केले असते, तर चूक त्याच क्षणी कळली असती, पंधरा दिवसांनी नव्हे.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असेही नाही. मे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे अमेरिकेतील 'एपी' परीक्षा विद्यार्थ्यांनी घरून दिल्या. हाताने लिहिलेल्या उत्तरांची छायाचित्रे पाठवायची होती. काहींच्या फोनने ती एचईआयसी स्वरूपात काढली, यंत्रणेने ती घेतली नाहीत आणि वेळ संपून गेला. काहींनी तेथेही शेपूट बदलण्याचा प्रयत्न केला होता. अखेर परीक्षा मंडळाला ईमेलने उत्तरे पाठवण्याची सोय करावी लागली. त्या मुलांना विषय येत होता, पण त्यांची परीक्षा झाली ती फाइलच्या स्वरूपाची.

कोणी म्हणेल, लाखो अर्ज हाताळायचे तर एकच स्वरूप मागणे सोयीचे असते. हे म्हणणे रास्त आहे. २०२३ च्या नीट परीक्षेच्या माहितीपत्रकातही जेपीजी स्वरूप आणि १० ते २०० किलोबाइट आकार अशी स्पष्ट मर्यादा होती. मर्यादेला माझा विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच, की अर्ज घेणाऱ्याने चित्र तेथल्या तेथे उघडून अर्जदाराला परत दाखवावे, आणि उघडले नाही तर 'अवैध फाइल' एवढेच न म्हणता काय चुकले ते साध्या मराठीत सांगावे. त्याहून चांगले म्हणजे, प्रचलित स्वरूपे स्वीकारून रूपांतर स्वतःच करावे. ज्याच्याकडे मोठे संगणक आणि जाणकार माणसे आहेत, त्याने ओझे उचलावे. गावातल्या मुलाने किंवा त्याच्या आईने नव्हे.

दुसरी गोष्ट, सर्वांना लागणाऱ्या कामासाठी सर्वांना मोकळे असलेले स्वरूप वापरावे. १९८७ मध्ये निघालेले 'जीआयएफ' लोकप्रिय झाले, परंतु त्यातील एका रीतीवर पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस त्यापोटी पैसे मागण्यात येणार असे जाहीर झाले, तेव्हा जाणकारांनी एकत्र येऊन पीएनजी हे मुक्त स्वरूप घडवले आणि १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एचईआयसीमधील संक्षेपाच्या रीतीवरही पेटंटे आहेत. प्रत्येक यंत्रावर ते उघडत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

तोवर तुम्ही काय कराल? फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जेपीजीचा पर्याय निवडा. रूपांतर करायचे असेल, तर चित्र प्रथम उघडा आणि 'सेव्ह अ‍ॅज' किंवा 'एक्स्पोर्ट' करून जेपीजी म्हणून साठवा, म्हणजे आकडे खरोखर नव्या नियमाने लिहिले जातील. मूळ प्रत जपून ठेवा, कारण जेपीजी पुन्हापुन्हा साठवल्याने त्यातील तपशील उतरत जातो. आणि आधारकार्डासारख्या कागदांची छायाचित्रे रूपांतरासाठी अनोळखी संकेतस्थळांवर चढवू नका.

शेवटी पुन्हा रेल्वेकडे येऊ. ज्या १९९२ मध्ये जेपीईजी मानक ठरले, त्याच वर्षी भारतीय रेल्वेने निरनिराळ्या रुंदीचे मार्ग मोठ्या रुंदीचे करण्याचा प्रकल्प हाती घेतला. आज छिंदवाड्याला मोठी गाडी जाते. हे काम रेल्वेने केले. प्रवाशाला कोणी सांगितले नाही, की स्टेशनवर येताना डब्याची चाके बदलून आण! अर्ज मागवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घेतले, तरी पुष्कळ मुलांची धावाधाव वाचेल. आणि तुमच्यापैकी जे उद्या अशा यंत्रणा बांधतील, त्यांनी पाटीवर विसंबू नये, आधी चाके पाहावीत.