रोग देहाचा, संशय शीलाचा!

रोगाला नाव मिळाले की उपायाची वाट मोकळी होते. परंतु ‘गुप्तरोग’ हे नावच असे आहे की, ते उच्चारताच घराचे दार आतून बंद होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सुशिक्षित वस्तीतही हेच घडावे, ही खेदाची गोष्ट होय.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, हा लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू इतका सार्वत्रिक आहे की, बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची बाधा होते. त्याला मारणारे औषध नाही. परंतु बहुतेकांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही स्त्रियांत तो टिकून राहतो आणि पंधरा-वीस वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होऊ शकतो. सावध होण्यास अवधी पुष्कळ असतो. प्रारंभीची विकृती गोठवून वा लहानशा शस्त्रक्रियेने काढता येते.

विषाणू आढळताच जोडीदाराच्या शीलाविषयी संशय घेणे हे क्रौर्य तर आहेच, अज्ञानही आहे. तो वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. केव्हा व कोणाकडून आला, हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही.

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १,३१,००० ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदाच झाली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. खेड्यातील शेतकरी स्त्रीने जे केले, ते लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या पदवीधर स्त्रीला अशक्य का वाटावे?

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथे नोकरदार स्त्रियांना सोयीच्या वेळी, रविवारीसुद्धा, ही तपासणी मिळावी, अशी आमची दोन्ही महापालिकांकडे मागणी आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ साली बाजारात आली. मुलींना ती वेळीच द्यावी. पण मुलीला लस दिली म्हणून आईची तपासणी टळत नाही. रुग्णाचे नाव गुप्त राहावे, रोग नव्हे.

१९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहिणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. आज न्यायालयात कोणी जात नाही. खटला घरातच चालतो आणि आरोपी बहुधा स्त्रीच असते. तो मागे घेण्याची वेळ आली आहे.