तासांचा हिशेब

दवाखान्याच्या दारातून | साप्ताहिक स्तंभ

आमच्या शेजारच्या घरातून गेले दोन महिने रात्री साडेनऊनंतर इंग्रजी ऐकू येतं. मुलगी सत्तावीस वर्षांची, जबलपूरमधल्याच एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. ड्यूटीवरून येते, दोन घास खाते आणि आजीला पलंगावर बसवून परीक्षेचा सराव सुरू करते. आधी हात धुणं, मग स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगणं, मग आजीला तिचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारणं, मनगटावरच्या कागदी पट्टीशी ते ताडून पाहणं, कशाची अ‍ॅलर्जी आहे का विचारणं, आणि एवढं झाल्यावर गोळीच्या पाकिटाला हात लावणं. प्रत्येक पायरी ती मोठ्याने म्हणते. आजीने परवा विचारलं, "कुणाशी बोलतेस गं एवढी?" ती म्हणाली, "परीक्षकाशी. मनातल्या मनात केलं तर मार्क नाहीत आजी, तोंडाने सांगावं लागतं."

ही तयारी ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या 'ऑस्की' परीक्षेची. बाहेर शिकलेल्या नर्सला तिथे नाव नोंदवायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा. आयल्ट्समध्ये वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5 गुण, किंवा आरोग्य व्यवसायासाठी असलेली ओईटी. मग संगणकावरची सीबीटी, ती आपल्या देशात देता येते. ऑस्कीसाठी मात्र ब्रिटनलाच जावं लागतं. दहा स्थानकं. कुठे रुग्ण म्हणून बसवलेला माणूस, कुठे पुतळा, कुठे नुसता लिहायचा कागद. शेजारची मुलगी सीबीटी पास झाली आहे, इंग्रजी दुसऱ्या खेपेला सुटलं. लेखनात पहिल्यांदा अर्ध्या गुणाने अडकली होती.

तिला भीती परीक्षेची नाही. परवा आमच्या ओट्यावर बसून ती म्हणाली, "मावशी, माझ्या हातात आहे ते मी करीन. जे माझ्या हातात नाही त्याचं काय?"

तिच्या हातात नाही तो कागद. परदेशी कौन्सिल नर्सने स्वतः नेऊन दिलेल्या प्रमाणपत्रावर विसंबत नाही. जिथे शिकली आणि जिथे तिची नोंदणी आहे, तिथून थेट उत्तर यावं लागतं: होय, ही आमच्याकडे नोंदलेली आहे, हिच्याविरुद्ध तक्रार नाही. अमेरिकेत परदेशी नर्सांच्या कागदपत्रांची तपासणी करायला 1977 साली सीजीएफएनएस नावाची वेगळी संस्थाच स्थापन झाली. तिथे तर कॉलेजने विषयवार तास लिहून द्यायचे. प्रौढांची शुश्रूषा, बालरोग, प्रसूती, मानसिक आजार, प्रत्येकात वर्गातले किती आणि वॉर्डातले किती. हा नियम जाचक आहे असं मला मुळीच वाटत नाही. अनोळखी माणसाच्या शिरेत सुई घालण्याचा परवाना आहे तो. विचारलंच पाहिजे. पण प्रश्न आला की उत्तर जायला हवं. या मुलीने एका कचेरीत पडताळणीचा अर्ज दिला त्याला आता चौथा महिना लागला. पावती आहे, शिक्का आहे, उत्तर नाही. फोन केला तर "साहब मीटिंग में हैं", प्रत्यक्ष गेलं तर "फाइल ऊपर गई है". तिकडे परदेशातल्या रुग्णालयाचं पत्र मुदतीचं असतं, इंग्रजीच्या निकालालाही मुदत असते.

खरं तर नवा देश फार पुढची गोष्ट झाली. आपल्या देशात राज्य ओलांडलं तरी हेच. 1956पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. आजही आमच्या राइट टाउन-गोलबाजारातल्या निम्म्या मराठी घरांच्या सोयरिकी नागपूर-अमरावतीकडच्या. पण इथली नोंदणीकृत नर्स लग्न होऊन नागपूरला गेली की तिला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नव्याने नाव घालावं लागतं, इथलं ना-हरकत पत्र न्यावं लागतं, इथून तिथे पडताळणी जावी लागते. रुग्णाची नाडी तीच, इंजेक्शन तेच. माझ्या ओळखीतली एक सून नागपुरात अशीच सात महिने घरी बसली होती. 2023 सालच्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायद्यात देशभराच्या एका नोंदवहीची तरतूद आहे. ती वही प्रत्यक्ष कामाला लागली तर या मुलींचा निम्मा त्रास वाचेल, आणि म्हणून मी तिच्याविषयी लिहीत राहणार आहे.

आता तासांकडे येते, कारण सगळी गोम तिथे आहे. जर्मनीत नर्सच्या शिक्षणाचे तास कायद्यातच ठरलेले आहेत: 2100 वर्गात, 2500 प्रत्यक्ष कामावर. आपल्याकडच्या मुलीचे कागद तिथे गेले की अधिकारी तिचे तास या तासांशेजारी मांडतात आणि काय कमी पडतं ते लेखी कळवतात. मग एकतर तेवढा पूरक प्रशिक्षणाचा काळ पुरा करायचा किंवा ज्ञानपरीक्षा द्यायची. जर्मन भाषा बहुतेक ठिकाणी बी-2 पातळीची लागते. तिथे गेलेल्या मुली सांगतात की भाषेपेक्षाही वेगळं वाटतं ते काम. रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे आपल्याकडे नातेवाईक करतात, नाहीतर आया. आमच्या एल्गिन रुग्णालयाच्या वॉर्डात बघा, प्रत्येक खाटेशी एक सासू किंवा एक आई पिशवी घेऊन बसलेली असते. जर्मनीत हे नर्सचं काम आहे आणि ते ती शिकलेली असते. अशा शिक्षणाचा तास नि तास मोजणाऱ्या देशाकडे आपण जे कागद पाठवतो, त्यांतले तास खरे आहेत का?

हा प्रश्न जबलपूरमध्येच, उच्च न्यायालयात विचारला गेला आणि देशभर गाजला. 2022 मध्ये लॉ स्टुडंट्स असोसिएशनने जनहित याचिका केली. इमारत नाही, प्रयोगशाळा नाही, शिकवणारे नाहीत, रुग्णालय नाही, अशा ठिकाणी नर्सिंग कॉलेजं चालू आहेत, हे तिचं म्हणणं. भारतीय नर्सिंग परिषदेचा दंडक असा की कॉलेजचं स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय हवं. न्यायालयाने चौकशी सीबीआयकडे दिली. अहवाल आला: 308 कॉलेजांपैकी 169 योग्य, 74मध्ये त्रुटी, 65 अयोग्य. मग मे 2024 मध्ये, कॉलेजांना योग्य ठरवण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने आपल्याच एका निरीक्षकाला पकडलं. न्यायालयाने 'योग्य' ठरलेल्या 169 कॉलेजांचीही फेरतपासणी लावली, आणि ती न्यायिक अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत. तपासणाऱ्याला तपासायची वेळ आली.

शंभर खाटांचं रुग्णालय नसलेल्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर प्रसूती विभागातले तास लिहिलेले असतात, ते कुठे झाले? कुठल्या बाईचं बाळंतपण त्या मुलीने पाहिलं? हा आकडा लिहिणाऱ्याने उद्या तिच्या हाती येणाऱ्या बाळंतिणीचा क्षणभरही विचार केलेला नाही. मला याचा राग येतो, आणि तो परदेशाच्या निमित्ताने आलेला नाही. ती मुलगी परदेशी गेली नाही तर आपल्याच व्हिक्टोरिया रुग्णालयात, आपल्याच मेडिकल कॉलेजात आपल्या उशाशी उभी राहणार आहे.

या सगळ्यात प्रामाणिक मुली भरडल्या गेल्या. शेजारच्या मुलीची मावसबहीण 2020च्या बॅचची. वडिलांनी शेत गहाण टाकून फी भरली. 2023 मध्ये न्यायालयाने परीक्षांना स्थगिती दिली. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, बनावट कॉलेजांच्या मुलांना परीक्षेला बसवणं म्हणजे घोटाळ्यावर शिक्का मारणं झालं असतं. पण 2024 मध्ये परीक्षेची वाट मोकळी होईपर्यंत 2020-21ला दाखल झालेल्या मुली पहिल्याच वर्षात बसून होत्या. चार वर्षांची पदवी, आणि पहिली गुणपत्रिका हातात यायलाच जवळजवळ तेवढा काळ. तिने मला ती दाखवली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, जत्रेतल्या फोटोसारखी जपून ठेवलेली. वरती प्रवेशाचं वर्ष, खाली परीक्षेचं वर्ष. ती बोट ठेवून म्हणाली, "मावशी, हे बघून बाहेरचे म्हणतील ना की ही पोरगी तीनदा नापास झाली?"

म्हणतील. फ्रँकफर्टच्या किंवा शिकागोच्या टेबलावर बसलेल्या माणसाला जबलपूरची याचिका माहीत असायचं कारण नाही. त्याला दोन तारखा दिसतात आणि मधली पोकळी दिसते.

आणि तिकडेही लोक दुधाने पोळलेले आहेत. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांचा कारभार उघड झाला. सुमारे 7600 बनावट पदविका विकल्या गेल्या होत्या, आणि त्यांतले जवळपास 2400 जण एनक्लेक्स ही परवाना परीक्षा पासही झाले होते. त्याच वर्षी नायजेरियातल्या इबादान इथल्या एका केंद्रावरच्या सीबीटी निकालांवर ब्रिटनच्या कौन्सिलने संशय घेतला, आणि त्या केंद्रावर परीक्षा दिलेल्यांना आपला प्रामाणिकपणा पुन्हा सिद्ध करायची पाळी आली. एका केंद्राचं नाव खराब झालं की तिथल्या सगळ्यांकडे त्याच नजरेने पाहिलं जातं. 'मध्य प्रदेश' हा शब्द प्रमाणपत्रावर दिसताच परदेशातला कारकून थबकू लागला तर ते नुकसान शेजारच्या मुलीचं आहे, जिने घोटाळ्याच्या आधी, चांगल्या कॉलेजात, रीतसर वॉर्डात उभं राहून पदवी घेतली.

मला वाचक विचारतात, आपल्याकडेच नर्सेस कमी आहेत, तर त्यांना बाहेर जायला मदत कशाला? प्रश्न खरा आहे. उत्तरही सरळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्ये सांगितलं होतं की खासगी रुग्णालयातल्या नर्सला लहानात लहान ठिकाणीही महिना 20,000 रुपयांहून कमी पगार नसावा, आणि 200 खाटांवरच्या रुग्णालयाने सरकारी नर्सइतका द्यावा. शेजारच्या मुलीला सहा वर्षांच्या अनुभवानंतर काय मिळतं ते तिच्या आईने मला सांगितलं, ते छापायची मला लाज वाटते. मुलींना इथे ठेवायचं तर पगार द्या, निवास द्या, रात्रपाळीनंतर घरी सोडायला गाडी द्या. कागद अडवून माणूस राहत नाही. आखाती देशांसह 18 देशांत जाणाऱ्या नर्सेसची दलालांनी लूट चालवली तेव्हा केंद्राने 2015 मध्ये त्यांची भरती सरकारी संस्थांमार्फतच करायचा नियम केला. केरळने 'नॉर्का रूट्स' उभी केली आहे, जर्मनीच्या 'ट्रिपल विन' कार्यक्रमाशी तिचा 2021 मध्ये करारही झाला. महाराष्ट्रानेही 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आपल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं मल्याळी सिस्टर दिसत आल्या. त्यांच्या राज्याने आपल्या मुलींचं जाणंही आपलं काम मानलं.

मध्य प्रदेशाचं आयुर्विज्ञान विद्यापीठ आमच्याच शहरात आहे. त्याच्याकडे माझं मागणं छोटं आहे. 2020 ते 2022 दरम्यान दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थिनीला, कुलसचिवांच्या सहीचं, इंग्रजीत एक पत्र मिळावं: हिची परीक्षा अमुक काळ झाली नाही, ती न्यायालयीन प्रक्रियेमुळे, हिच्या नापास होण्यामुळे नव्हे. गुणपत्रिकेसोबत आपोआप. अर्ज नको, खिडकी नको. दुसरं, पडताळणीचा प्रश्न परदेशातून आला की किती दिवसांत उत्तर जाईल ती मुदत कचेरीच्या दारावर लिहून लावावी. आणि ज्या मुलींचे वॉर्डातले तास खरोखर झालेच नाहीत, त्यांना एल्गिनमध्ये, मेडिकलमध्ये ते पुरे करू द्यावेत. त्यांच्या फीवर नव्हे, कॉलेजच्या खर्चाने. तेवढे महिने जातील. पण त्या तासांत ती बाळंतीण खरी असेल.

सोमवारी शेजारची मुलगी रजा टाकून पहाटेच्या जनशताब्दीने भोपाळला निघाली आहे, त्या पडताळणीच्या अर्जाच्या चौकशीसाठी. पाचच्या आत स्टेशनवर पोचायचं म्हणून आईने पोळ्या रात्रीच करून ठेवायच्या ठरवल्या आहेत. फोल्डरमध्ये अर्जाच्या पावतीच्या तीन झेरॉक्स आहेत, कारण मागच्या खेपेला मूळ पावती ठेवून घेतली होती. मावसबहीणही बरोबर जाते आहे. तिचं तिथे काही काम नाही. कुठल्या मजल्यावर जायचं तेवढं आताच बघून ठेवते, म्हणाली.

– सु. आ., जबलपूर