आधी चिन्ह समजू द्या

कडावला भाचीला पायथॉन शिकवत होतो. स्क्रीनवर ओळ होती: भाव = भाव + 5. ती थांबली. "मामू, हे चूक आहे. गणितात असं लिहिलं तर सर काट मारतील."

तिचा प्रश्न रास्त होता. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड यांनी दोन समांतर रेघांचं हे चिन्ह छापलं, ते 'दोन्ही बाजू समान' या अर्थानं. पायथॉनमध्ये मात्र तो हुकूम आहे: उजवीकडचा हिशेब आधी कर आणि उत्तराला डावीकडचं नाव दे. भाव ४० असेल तर आता ४५ होतो. दोन किमती समान आहेत का, हे विचारायचं असेल तर तेच चिन्ह जोडून दोनदा लिहायचं. तसंच, अवतरणात 'भाव' लिहिलं तर ती नुसती अक्षरं. अवतरण काढलं की त्या नावाची किंमत. पायथॉन ३ मध्ये चलाला मराठी नाव चालतं. आकडे आणि भाषेचे ठरावीक शब्द तेवढे इंग्रजीत लिहावे लागतात.

आपल्या जलशांत अल-ख्वारिझ्मींचं नाव अभिमानानं घेतलं जातं. 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्या नावावरून आला, हे खरंच आहे. अज्ञात राशीला ते 'शय', म्हणजे वस्तू म्हणत. आपल्याकडे ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य अशा राशींना कालक, नीलक अशी रंगांची नावं देत. भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिताना अल-ख्वारिझ्मींना परक्यांकडून शिकण्यात कमीपणा वाटला नाही.

पण नुसत्या अभिमानानं आपल्या मुलींना एक ओळही समजणार नाही. आपण सर्टिफिकेटसाठी फी भरतो, मुलं ओळी पाठ करतात, आणि पहिलीच चूक आली की गप्प बसतात. मुलीला तर क्लासला कर्जतला पाठवायचं का, इथंच घरातली चर्चा संपते.

माझं म्हणणं एवढंच: जलशाच्या मांडवाचा खर्च थोडा कमी करून मोहल्ल्यातच दोन जुने लॅपटॉप घ्यावेत. आठवड्यातून एक तास, मुलगे-मुली दोघांसाठी. शिकवणं मराठीत किंवा उर्दूत. प्रत्येक चिन्ह काय करतं, ते आधी सांगावं. आणि 'हे चूक आहे' म्हणणाऱ्या मुलीला कुणी गप्प बसवू नये.