लवचिकपणा कोणाच्या जिवावर?

धंद्यात ठरीव उद्दिष्टांचा हट्ट नको, वाऱ्याचा कल पाहून शीड फिरवावे, असा उपदेश हल्ली उद्योगजगतात वारंवार ऐकू येतो. तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र उपदेशकांनी एकवार घाटावरील निपाणीकडे पाहावे.

तेथील विडीचा धंदा मूळचाच लवचिक. मागणी वाढली की पान-तंबाखू अधिक द्यायचा. घटली की हात आखडायचा. या सोयीची किंमत मोजली ती घरबसल्या विड्या वळणाऱ्या बाईने. तिची मजुरी हजारी हिशेबाने आणि छाट निघालेल्या विडीला दाम नाही. तंबाखू पिकवणाऱ्याचीही तीच गत. माल विकल्यावाचून त्याचे कर्ज फिटेना; वखार व्यापाऱ्याची, म्हणून भावही त्याचाच. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्पादकांनी महामार्ग रोखला तो या कोंडीतूनच. एप्रिलमधील पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले.

पुढे विडीचे दिवस पालटले. २०१७ मध्ये तिच्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला. ज्यांना पाणी होते ते शेतकरी उसाकडे वळले. व्यापाऱ्याला भांडवल दुसरीकडे गुंतवता येते. पन्नाशी उलटलेल्या विडी कामगार स्त्रीने कोणीकडे वळावे?

ज्याच्यापाशी साठवण आणि भांडवल आहे, त्याचाच लवचिकपणा हा गुण ठरतो. इतरांची ती फरफट होते. म्हणून धंद्याचे बेत खुशाल बदलावेत. मजुरी आणि वाजवी भाव यांची हमी मात्र ताठच असली पाहिजे.