न्याय मिळाला, पण कोणाला?

मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांच्या रेडिओवर एफ. एम.चे आकडे ८८ पासून १०८ पर्यंत मांडलेले असतात. ज्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी हे स्वच्छ प्रक्षेपण जगाला दिले, त्यांच्या दुर्दैवात या आकड्यांचाही हात होता, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

क्षीण संदेश बलवान करणारी आर्मस्ट्राँग यांची पहिली योजना विद्यार्थिदशेतील. तिचे श्रेय १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ली डी फॉरेस्ट यांच्या पदरात टाकले. तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी त्याबद्दलचे पदक रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेस परत देऊ केले. संस्थेने ते घेण्याचे साफ नाकारले! जाणकारांचा निवाडा काय होता, हे निराळे सांगावयास नको.

लहरीच्या उंचीऐवजी तिची कंप्रता बदलून आवाज वाहून न्यावयाचा, म्हणजे वादळी हवेतली खरखर श्रोत्यापर्यंत पोचत नाही, ही त्यांची युक्ती. तिची पेटंटे १९३३ अखेर मिळाली. परंतु त्यांचे स्नेही डेव्हिड सारनॉफ यांच्या आर. सी. ए. कंपनीचे लक्ष दूरचित्रवाणीकडे होते. १९३५ साली तिने एम्पायर स्टेट बिल्डिंगमधील त्यांची यंत्रे हलवावयास लावली. आर्मस्ट्राँग यांनी मग पदरच्या पैशाने न्यू जर्सीत केंद्र उभारले. युद्धकाळात तर आपली पेटंटे सैन्यास विनामोबदला वापरू दिली. १९४५ साली सरकारी आयोगाने एफ. एम.ची जागा ४२ ते ५० मेगासायकलवरून ८८ च्या वर नेली आणि लोकांनी विकत घेतलेले संच एका हुकुमासरशी निकामी झाले.

१९४८ साली त्यांनी आर. सी. ए.वर दावा लावला. पेटंटांची मुदत १७ वर्षांची. ती १९५० अखेर संपली, दावा मात्र चालूच राहिला. द्रव्य आटले, संसार मोडला, आणि जानेवारी १९५४ च्या अखेरीस या मनस्वी पुरुषाने आत्महत्या केली. पत्नी मॅरियन यांनी आर. सी. ए.कडून सुमारे १० लाख डॉलर वसूल केले व उरलेले दावेही नेटाने लढविले. शेवटचा मोटोरोलाविरुद्धचा निकाल १९६७ साली लागला.

हा विजय आम्हांस विजय वाटत नाही. ज्याच्यापाशी वेळ आणि वकील विपुल, त्याने नुसती वाट पाहिली तरी पुरे, एवढेच त्यातून सिद्ध झाले. आपल्याकडे पेटंटाची मुदत अर्जाच्या दिवसापासून २० वर्षे आहे, आणि २०२१ साली अपील मंडळ रद्द झाल्यापासून त्यातील कामे उच्च न्यायालयांकडे गेली आहेत. न्यायालयात अडकलेला काळ या मुदतीत धरू नये, अशी तरतूद संसदेने कायद्यात करावी, अशी आमची मागणी आहे.